पलीकडच्या कडेचा खडा

मामा, तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी पारावर कुणी फिरकलं नसेल असं तुम्हाला वाटत असेल, तर ते चूक आहे. झाडून सगळे आले होते. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. मी स्वतः आदल्या संध्याकाळी स्मशानातून आल्यावर ठरवलं होतं की उद्या उठायचं नाही. पण पहाटे पाचला डोळा उघडला तो उघडलाच, आणि पाय आपोआप बुटात गेले. लिंबाखाली येऊन बघतो तर सगळी पोरं-पोरी पारावर गप बसलेली. बारीक पाऊस होता. त्या दिवशी कुणी पळालं नाही. उजाडल्यावर एकेक जण उठून घरी गेला. हे तुम्हाला मुद्दाम सांगतो, कारण तुमच्या लेखी पळण्यापेक्षा येणं मोठं होतं.

तिसऱ्या दिवशी पेपरात तुमचा फोटो आला. शाळेतल्या निरोप समारंभातला, गळ्यात हार आणि चेहरा असा की कुणी चोरी करताना धरलंय. खाली लिहिलं होतं, 'व्यायामप्रेमी व्यक्तिमत्त्व हरपले.' मामीनं विचारलं काय लिहिलंय, मी वाचून दाखवलं, तर ती तोंडाला पदर लावून हसली आणि हसता हसता रडली. व्यायाम हा शब्द तुमच्या तोंडून कुणी ऐकला असेल तर शपथ. अर्धं आयुष्य तुमचं बालाघाटाच्या डोंगरात मेंढरांमागं गेलं, उरलेलं शाळेत शिपाई म्हणून घंटा देण्यात. पळायला तुम्ही कुणाला शिकवलं नाहीत. आम्ही आपले पोलीस भरतीची तयारी म्हणून धारूरच्या किल्ल्याकडच्या रस्त्यावर पळायचो. तुम्ही निवृत्त झालात, पहाटे पारावर येऊन बसायला लागलात, आणि बसल्या बसल्या आमचे पुढारी झालात.

पहिल्याच आठवड्यात तुम्ही विचारलं होतं, गेले किती आणि आले किती हे तुमच्यात कोण बघतं? आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघितलं. ज्याचं पळून झालं तो परस्पर घरी जायचा. दुसऱ्या दिवसापासून खडे सुरू झाले. निघताना प्रत्येकानं रस्त्यावरचा एक खडा उचलून पाराच्या कडेला ओळीत ठेवायचा. परत आल्यावर आपला खडा उचलून टाकून द्यायचा. आणि ओळीतला शेवटचा खडा उचलला जाईपर्यंत कुणी घरी जायचं नाही. तुमच्या वडलांना वीसच्या पुढं मोजता येत नव्हतं, म्हणून ते सकाळी मेंढरं सोडताना दर मेंढरामागं एक खडा घोंगडीच्या खोळीत टाकायचे आणि संध्याकाळी एकेक काढायचे. तीच ही रीत. आम्ही आधी लई हसलो. निघालो पोलीस व्हायला आणि मोजणी मेंढरांची.

पाराची पलीकडची कडही तुम्ही वापरात आणलीत. दिवाळी झाली की आपल्यातले निम्मे आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. जायच्या आधी ज्यानं-त्यानं आपला खडा पलीकडच्या कडेला ठेवायचा, आणि पाडव्याच्या आसपास परत आला की स्वतःच्या हातानं उचलायचा. तोपर्यंत कुठला खडा कुणाचा हे कुणालाच ओळखू यायचं नाही, पण मोजणी बरोबर यायची. माणूस लांब गेला म्हणून मोजणीतून काढायचा नाही, एवढंच तुमचं म्हणणं.

आता लोक मला विचारतात, ही पोरं रोज उठून येतात कशी, तुम्ही त्यांना सांगता तरी काय? मी काय सांगणार. मला स्वतःला जे झालं तेच सांगतो. मी भरतीत दुसऱ्यांदा नापास झालो, वयही संपलं, तेव्हा पळणं सोडलं होतं. तहसीलसमोर झेरॉक्सचं दुकान टाकलं होतं, दुसऱ्यांच्या भरतीचे फॉर्म भरून द्यायचो आणि पोट सुटायला लागलं होतं. एका सकाळी तुम्ही आमच्या ओट्यावर हजर. तांब्याभर पाणी मागितलंत, प्यालात, आमच्या शेळीची चौकशी केलीत आणि गेलात. पळण्याचा विषयच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी आई मला म्हणाली, त्या म्हाताऱ्याला रोज पाणी पाजण्यापरीस जाऊन पळत जा की. तुमच्यासमोर ओट्यावर बसण्यापेक्षा पळणं खरंच सोपं होतं. पारावर आलो तर तुम्ही एवढंच म्हणालात, "भरतीसाठी पळत हुतास व्हय इष्णू? मग आता बरं झालं. आता नुसतं पळ."

त्या एका वाक्यावर मी आजवर पळतोय.

पोरं मोबाईलवर त्या जोशात बोलणाऱ्या माणसांचे व्हिडिओ बघायची, तेव्हा तुम्ही शांतपणे विचारायचात, ह्यो बाबा पाचला आपल्या लिंबाखाली येतो का? जोश येईल मग उठू, असं म्हणणारा झोपूनच राहतो, असं तुमचं मत होतं. आधी उठायचं, तोंडावर पाणी मारायचं, पारापर्यंत यायचं. त्यानंतर जोश आला तर आला, नाही आला तर त्याच्यावाचूनही पळता येतं. मी हे अजून पोरांना सांगतो आणि माझं म्हणून सांगतो. मामा, तेवढी चोरी माफ करा.

दुसरी माफ करता येणार नाही. तिच्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात तुम्हाला डोळे तपासायला बीडला जायचं होतं. आदल्या दिवशी तुम्ही तुमच्या गळ्यातली शिट्टी माझ्या हातात दिलीत. पहिल्यांदाच. दुसऱ्या पहाटे मी नवं घड्याळ बांधून आलो, एवढं सांगितलं तरी माझी अवस्था तुम्हाला कळेल. धुकं इतकं दाट होतं की किल्ला राहू द्या, रस्त्याच्या पलीकडची बाभळ दिसत नव्हती. तुम्ही असता तर चढावर कुणाला पाठवलं नसतंत. मी पाठवलं. वर वेळ मोजायची म्हणून पहिल्या पोरांबरोबर मी स्वतः पुढं पळालो. तुम्ही नेहमी सगळ्यांच्या मागं चालत यायचात, ते मला तुमच्या वयामुळं वाटायचं.

खाली आलो. सगळ्यांनी आपापले खडे उचलले. एक राहिला. तो रेणुकाचा होता, मला पक्कं माहीत होतं, कारण ती ओळीत सगळ्यात शेवटी ठेवायची. महिनाभर आधी ती एकदा शेतातल्या वाटेनं परस्पर घरी गेली होती आणि तुमची बोलणी खाल्ली होती. मी मनाशी म्हटलं, आजही तशीच गेली असणार. पोरं कुडकुडत होती, माझी दुकान उघडायची वेळ झाली होती, आणि तो खडा असेपर्यंत कुणाला हलता येत नव्हतं. सगळ्यांच्या पाठी माझ्याकडं असताना मी तो खडा उचलला आणि बाभळीत भिरकावून दिला. शिट्टी वाजवली आणि सगळे घरी गेले.

रेणुका धुक्यात सगळ्यांच्या मागं राहिली होती आणि उतरताना पडून तिसऱ्या वळणावर पाय धरून बसली होती. नऊच्या सुमाराला एका दूधवाल्यानं तिला मोटारसायकलवर घरी आणलं. घोट्याजवळ हाड मोडलं होतं. आपल्या मुलींत सगळ्यात चांगली पळणारी तीच, हे तुम्ही म्हणायचात. त्या वर्षीची भरती तिची गेली आणि घरच्यांनी पुढचीही बंद केली.

संध्याकाळी एसटीतून उतरून तुम्ही थेट तिच्या घरी गेलात, डोळ्यांत घातलेल्या औषधानं नीट दिसत नसताना. मला हाताला धरायला घेतलं होतंत. तिचे वडील नामदेवअण्णा संतापलेले होते. तुम्ही हात जोडलेत आणि म्हणालात, "चूक माझी हाय. मी हितं नव्हतो, तरी मोजणी माझीच." आतून खाटेवरून रेणुका म्हणाली की मी खडा ठेवला होता. अण्णांनी तिला गप केलं. खडा असता तर एवढी पोरं घरी गेली असती का, तूच विसरली असशील, म्हणाले. ती पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी पारावर तुम्ही सगळ्यांना एकदाच विचारलंत, "पोरीचा खडा कुणी उचलला?" मी तुमच्यापासून दोन हातांवर होतो. तुम्ही कुणाच्याच तोंडाकडं बघितलं नाहीत, आणि हे माझ्यावर उपकार होते की शिक्षा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मग वाकून तुम्ही एक खडा उचललात आणि पलीकडच्या कडेला, ऊसतोडीला गेलेल्यांच्या ओळीत नेऊन ठेवलात. पाडवा आला, माणसं परत आली, आपापले खडे उचलून मोकळी झाली. तो एक राहिला. पुढच्या दिवाळीनंतर त्याच्या शेजारी नवे आले आणि तेही गेले. कुणी विचारलंच तर तुम्ही म्हणायचात, एक जण यायचंय अजून. मी रोज पहाटे त्याच्याकडं न बघता बूट बांधायला शिकलो.

दोन वर्षांनी तुमच्या गुडघ्यांनी संप केला आणि तुम्ही शिट्टी कायमची माझ्याकडं द्यायला निघालात. आपलं चांगलं भांडण झालं होतं, आठवतं ना? मी म्हटलं, आपली एवढी पोरं पोलिसात लागली, गावात असतात त्यांच्यातल्या कुणाला तरी द्या, मी तर नापास माणूस. तुम्ही ऐकायला तयार नाही. शेवटी मी चिडून विचारलं, "पण मीच कावून?"

तुम्ही घोंगडी झटकत होतात. झटकता झटकता म्हणालात, "ज्याचं मेंढरू एकदा हरवलंय, त्यो जनमभर मोजतो."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. बहुधा पहिल्या दिवसापासून. माझं नाव न घेता तुम्ही मला बोलायला जागा करून दिली होतीत आणि तिथं तिसरं कुणीही नव्हतं. मी खाली वाकलो, बुटाची नाडी सोडली आणि परत बांधली. शिट्टी घेतली. त्या दिवसापासून सगळ्यांच्या मागं चालत येतो आणि खडे दोनदा मोजतो. गावात माझं नाव झालं. विष्णूच्या भरवशावर पोरी पाठवायला हरकत नाही, असं लोक म्हणतात, आणि मी मान खाली घालतो, तर त्यांना तो विनय वाटतो.

तुमच्या दहाव्यानंतर आम्ही पळणं परत सुरू केलं. पोरांनी आपसांत ठरवलं होतं की मामांचा एक खडा पलीकडच्या कडेला कायमचा ठेवायचा. अर्चना, आपल्यातली सगळ्यात लहान, खडा घेऊन तिकडं गेली आणि तिथूनच म्हणाली, "दादा, हितं एक हाय की आधीच. ह्यो कुणाचा?"

एक जण यायचंय अजून, एवढं म्हणून मला सुटता आलं असतं. वाक्य तयार होतं, तुमचंच. पण तुमच्या तोंडी ते खरं होतं. माझ्या तोंडी ती लपवाछपवी झाली असती. मी सगळं सांगितलं, नव्या घड्याळापासून बाभळीपर्यंत. माझ्याबरोबर त्या दिवशी पळालेले दोघं-तिघं अजून येतात, ते जमिनीकडं बघत राहिले. मग अर्चनानंच विचारलं, तिला सांगितलं का? मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मग आमाला सांगून काय उपेग?"

तुम्ही असता तर खूश झाला असता. पुढारी कसा असावा हे मला दहा वर्षं लागली समजायला, आणि त्या पोरीनं एका प्रश्नात उरकलं.

त्याच दिवशी दुकान बंद ठेवून रेणुकाकडं गेलो. ती आता घरीच शाळेचे गणवेश शिवते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. तिनं मशीन थांबवलं नाही. हातातली बाही पूर्ण केली, धागा दातानं तोडला आणि मग म्हणाली, "चार वरसं झाली दादा. घरात कायबी हरवलं की म्हणत्यात, हिच्या ध्यानात कुठं ऱ्हातंय, हिला खडा ठेवल्याचं तरी कुठं आठवत हुतं. म्हणत्यात, म्हणत्यात. मलाबी वाटायला लागलं हुतं की न्हाईच ठेवला." मग दुसरी बाही हातात घेत म्हणाली, मला कशाला सांगता, अण्णाला सांगा.

अण्णा ओट्यावर मुगाच्या शेंगा सोलत होते. मी त्यांच्यासमोर बसलो आणि सांगितलं की रेणुकानं खडा ठेवला होता, तो मी उचलून टाकला, मामांची त्यात काही चूक नव्हती. मला वाटलं होतं ते अंगावर येतील. आले असते तर बरं झालं असतं. ते शेंगा सोलत राहिले. मूठभर मूग सुपात पडले. मग दाराकडं न बघता म्हणाले, "तू म्हणत हुतीस." एवढंच. आत मशीन थांबलं होतं. सूप बाजूला सारून ते मला म्हणाले, चहा घेऊन जा. मी घेतला.

घरी येताना मला तुमचा राग आला, मामा. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, पण आला. तुम्हाला कळलं होतं तर माझा कान का धरला नाहीत? सगळ्यांसमोर नाही, एकट्यात धरला असता. तुम्ही चूक स्वतःच्या अंगावर घेतलीत आणि वाट बघत बसलात. तुमची वाट बघण्याची ताकद दांडगी. पण त्या वाट बघण्यात चार वर्षं त्या पोरीची गेली, तुमची नाही आणि माझीही नाही. माझी चूक तुम्ही स्वतःकडं घेतलीत म्हणून तिचं खरं खोटंच राहिलं. हे मला तुमच्याशी समोरासमोर भांडायचं होतं. तुम्ही काय म्हणाला असता तेही मला माहीत आहे. म्हणाला असता, मग तू कावून बोलला न्हाईस? पण भांडण तर झालं असतं, आणि भांडण झाल्यावर तुम्ही तांब्याभर पाणी मागितलं असतंत. ते आता कुणी मागणार नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

काल पहाटे रेणुका पारावर आली. मी तिला या असं म्हणालो नव्हतो, तेवढं तोंड मला नव्हतं. साधी चप्पल घालून आली होती. पोरी तिला जागा द्यायला सरकल्या. ती मला म्हणाली, "पळाया न्हाई आले. माझा खडा शेवटपर्यंत ऱ्हातो का, ते बघाया आले." मग तिला कुणी न सांगता ती पलीकडच्या कडेला गेली, तुम्ही ठेवलेला खडा उचलला, अलीकडं आणला आणि ओळीत सगळ्यात शेवटी ठेवला. त्याच्यापुढं मी माझा ठेवला.

पोरं पुढं गेली. ती चालत निघाली आणि तिच्या मागं मी. चढावर तिचा पाय किंचित ओढल्यासारखा पडतो. ती थांबली की मी थांबायचो. तिसऱ्या वळणावर ती रस्त्याच्या कडेला एका जागी उभी राहिली. तिथं आता टाकळा माजलाय. म्हणाली, "हितंच बसले हुते. तुमची शिट्टी ऐकू आलती. मला वाटलं, आता कुणीतरी येतंय."

मामा, मी त्या रस्त्यावर उभा राहून रडलो. माझं होईपर्यंत ती किल्ल्याकडं बघत राहिली. मग वर न जाता आम्ही तिथूनच परत फिरलो. उतरताना तिनं विचारलं, भरतीचं वय संपायला मला अजून किती वर्षं आहेत? मी सांगितलं. बरं म्हणाली.

खाली आलो तर सगळे थांबलेले. उजाडून बराच वेळ झाला होता, कॉलेजची वेळ होत आली होती, तरी कुणी हललं नव्हतं. ओळीत दोनच खडे होते. पलीकडची कड चार वर्षांत पहिल्यांदा मोकळी दिसत होती, आणि अर्चना तुमच्या नावाचा खडा हातात घेऊन माझ्याकडं बघत होती. मी मानेनंच नको म्हटलं. ती जागा परत येणाऱ्यांची आहे मामा, तुमची नाही. दिवाळीनंतर ती भरेल. अर्चनानं खडा खाली टाकला.

रेणुकानं वाकून आपला खडा उचलला. टाकून दिला नाही, मुठीत घेतला. तिच्यानंतर मी माझा उचलला, ओळ एकदा बघितली आणि हातानं चाचपून परत एकदा बघितली. मग शिट्टी वाजवली आणि सगळे घरी गेले.